तारेची पारख

वीज, पाणी आणि रस्ता या तीन सोयींसाठी आपल्याकडची माणसे प्रसंगी भांडायलाही उभी राहतात, कारण त्यांवाचून दिवस जात नाही हे प्रत्येकाला कळते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या तिघींच्या पंगतीला आणखी एक सोय येऊन बसली आहे. ती म्हणजे संगणकांना, कॅमेऱ्यांना आणि छपाईयंत्रांना एकमेकांशी व बाहेरच्या जगाशी जोडणारी तार. बाजारात तिला कोणी लॅन केबल म्हणतो, कोणी नेटची वायर म्हणतो. शास्त्रीय भाषेत ती इथरनेट केबल होय. शाळेचे निकाल, पतसंस्थेची खाती, दवाखान्यातले रुग्णाचे टिपण, कारखान्यातल्या यंत्राला दिलेला हुकूम, हे सारे आज करंगळीपेक्षाही बारीक अशा या तारेतून जाते. असे असूनही इमारत बांधताना जी वस्तू सर्वांत शेवटी, सर्वांत घाईने आणि सर्वांत स्वस्त पाहून घेतली जाते ती हीच. ती कशी निवडावी, कोठे कोणती घालावी आणि घेताना काय तपासावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आता कोणी म्हणेल की, हल्ली सारे बिनतारी झाले असताना तारेचे पुराण कशाला? शंका रास्त आहे. पण बिनतारी म्हणून जी पेटी आपण भिंतीवर लावतो तिच्या पाठीमागे पाहावे. तेथे एक तार असतेच. लहरींचा प्रवास शेवटच्या काही हातांपुरता असतो. त्यामागचा सगळा प्रवास तारेचा किंवा काचतंतूचा. शिवाय लहरी सामाईक असतात. एका खोलीतील वीस जण एकाच पेटीशी बोलू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला वेगाचा तुकडाच येतो, आणि जुन्या वाड्याची दोन हात रुंदीची दगडी भिंत मध्ये आली तर तोही धड पोहोचत नाही. जी यंत्रे एका जागी बसून राहतात त्यांना तार द्यावी, जी हातात घेऊन फिरायची त्यांना लहरी द्याव्यात, हा यातला साधा व्यवहार आहे.

या तारेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण तिच्या आजच्या रूपाचा उलगडा त्यावरून होतो. १९७३ साली अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी, डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याच्या साहाय्याने, अनेक संगणक एकाच तारेवर जोडण्याची युक्ती काढली. एकोणिसाव्या शतकातील पदार्थविज्ञानवेत्ते प्रकाशलहरींना वाहून नेणारे ईथर नावाचे सर्वव्यापी द्रव्य मानीत असत. मायकेलसन व मोर्ले यांच्या १८८७ मधील प्रयोगाने त्या कल्पनेचा पाया ढासळला. पण मेटकाफ यांनी तेच नाव आपल्या सर्वांना सामावून घेणाऱ्या जाळ्याला दिले. ती पहिली तार जाड आणि ताठ असे. सारे संगणक तिलाच जोडलेले असल्याने ती एके ठिकाणी तुटली की सगळ्यांचेच काम थांबे. १९९० साली टेलिफोनला वापरतात तसल्या पिळाच्या तारेवरून हेच काम करण्याचे मानक ठरले. तेव्हापासून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार आणि मध्यभागी वाटप करणारी पेटी, म्हणजे आरंभी हब व पुढे स्विच, ही रचना रूढ झाली. १९९५ साली या तारेवरचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट झाला, १९९९ साली १,००० मेगाबिट म्हणजे एक गिगाबिट, आणि २००६ साली दहा गिगाबिट झाला. एवढ्या काळात प्लगचा आकार मात्र बदललेला नाही. १९९० च्या सुमाराचा प्लग आजच्या खाचेतही बसतो.

यातून निवडीचा पहिला मुद्दा निघतो. संगणक पाच-सात वर्षांत जुना होतो आणि आपण तो बदलतो. भिंतीत, छतात, फरशीखाली गेलेली तार वीस वर्षेही तेथेच राहते. ती बदलायची म्हणजे गवंडी आणि रंगारी पुन्हा बोलवावे लागतात. तेव्हा तार घेताना यंत्राच्या नव्हे, तर भिंतीच्या आयुष्याचा हिशेब करावा.

आता तारेच्या पोटात काय असते ते पाहू. वरचे आवरण सोलले की आत आठ बारीक तारा दिसतात. त्या दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. म्हणजे चार जोड्या. हा पीळ शोभेसाठी नाही आणि केवळ मजबुतीसाठीही नाही. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी पिळाच्या जोडीचे पेटंट १८८१ सालीच घेतले होते. त्यामागचा विचार मोठा सुरेख आहे. दोघे जण रस्त्याने चालले आहेत आणि ऊन एकाच बाजूने येत आहे असे समजा. दोघांनी जागा बदलली नाही तर एक भाजून निघेल आणि दुसरा सावलीत राहील. पण चालता चालता ते सतत जागा बदलत राहिले तर मुक्कामाला पोहोचेपर्यंत दोघांनाही सारखेच ऊन लागलेले असेल. जोडीतील दोन तारांवर एकच संदेश एकीवर सुलटा व दुसरीवर उलटा असा पाठवतात, आणि पलीकडचे यंत्र फक्त दोघींमधला फरक मोजते. वाटेत मोटारीचा, ट्यूबलाइटचा, शेजारच्या वीजवाहिनीचा जो उपद्रव होतो तो पिळामुळे दोघींवर सारखाच बसतो. फरक काढताना तो वजा होऊन जातो आणि संदेश तेवढा शिल्लक राहतो. चार जोड्यांचा पीळ कमी-अधिक घट्ट ठेवतात, तोही याच कारणासाठी; शेजारच्या जोडीचे बोलणे आपल्या जोडीत उतरू नये म्हणून. तारेची खरी किंमत या पिळात आणि तांब्यात आहे, हे एकदा ध्यानी धरले की पुढचे सारे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप समजतात.

बाजारात तारेवर कॅट ५ई, कॅट ६, कॅट ६ए असे छापलेले असते. कॅट म्हणजे कॅटेगरी, प्रत. प्रत जितकी वरची तितका पीळ घट्ट व नेमका, आणि तितक्या वरच्या कंपनसंख्येचा संदेश तार नीट वाहून नेते. कॅट ५ई ची परीक्षा १०० मेगाहर्ट्झपर्यंत होते, कॅट ६ ची २५० पर्यंत आणि कॅट ६ए ची ५०० पर्यंत. व्यवहारात याचा अर्थ असा: कॅट ५ई वरून एक गिगाबिट वेग पूर्ण १०० मीटरपर्यंत मिळतो. कॅट ६ वरूनही तो तसाच मिळतो. शिवाय दहा गिगाबिटचा वेग सुमारे ५५ मीटरपर्यंत मिळू शकतो, मात्र अनेक तारा एका जुडीत दाटीने बांधल्या असतील तर हे अंतर त्याहून कमी होते. कॅट ६ए वर दहा गिगाबिट पूर्ण १०० मीटर जातो. पण ती तार जाड, ताठ आणि महाग असते. अंतराची मर्यादा तिन्हींना सारखीच, १०० मीटरची. तीतही भिंतीतली तार ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या सुट्या जोडतारा मिळून १० मीटर, अशी विभागणी धरतात. याहून लांब जायचे असेल तर मध्ये स्विच बसवावा किंवा काचतंतू घ्यावा.

याही पुढची कॅट ७ आणि कॅट ८ अशी नावे दुकानात दिसतात. मोठा आकडा पाहून ग्राहकाला मोह होतो, म्हणून येथे स्पष्ट सांगणे भाग आहे. कॅट ७ ला अमेरिकेतील मानक ठरवणाऱ्या संस्थेने आपल्या यादीत घेतलेलेच नाही. तिच्यासाठी प्लगही निराळा आखलेला होता. नेहमीचा प्लग लावून विकलेल्या चपट्या कॅट ७ तारेने घरातला वेग कॅट ६ए हून वाढेल ही आशा व्यर्थ आहे. कॅट ८ ही खरी प्रत आहे, पण तिची मर्यादा ३० मीटर, आणि तिचे स्थान मोठमोठ्या संगणककेंद्रांतील कपाटांत. शाळेला किंवा दुकानाला तिचा काही उपयोग नाही.

तेव्हा प्रश्न उरतो की आपल्याला लागते किती? आपल्या जिल्ह्यातच याचा एक उद्‌बोधक दाखला आहे. १९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने वारणा खोऱ्यात वायर्ड व्हिलेज नावाची योजना सुरू झाली. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी चळवळीच्या आधाराने, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांत संगणकाची केंद्रे जोडावीत, असा तो उपक्रम होता. देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तेथील व्यवहार बारकाईने पाहिला. त्यांना असे आढळले की, ऊस उत्पादकाला केंद्रावर येऊन जे विचारायचे असते, म्हणजे उसाचे वजन किती भरले, खताची उचल किती झाली, ते सगळे एका लघुसंदेशात मावते. संगणकाची देखभाल मात्र खर्चाची. त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून तेच काम चालवून दाखवले, आणि त्या प्रयोगाला वारणा अनवायर्ड असे नाव दिले. मूळ योजना फुकट गेली असे आम्ही म्हणत नाही. तिच्यामुळे गावातल्या अनेकांनी प्रथमच संगणक पाहिला. पण साधन घेण्यापूर्वी गरज मोजावी, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

तारेच्या बाबतीतही हे मोजमाप अवघड नाही. चांगल्या प्रतीचा एक कॅमेरा साधारणतः सेकंदाला चार ते सहा मेगाबिट पाठवतो. सोळा कॅमेरे मिळून शंभराच्या आसपास जातात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अत्यंत सूक्ष्म रेखीवपणाचे चित्र पाहायचे तर सुमारे पंचवीस मेगाबिट लागतात. एक गिगाबिट म्हणजे १,००० मेगाबिट. चार गिगाबाइटचा एक चित्रपट एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायला हिशेबाने गिगाबिटच्या वेगाने ३२ सेकंद लागतात. शंभर मेगाबिटच्या वेगाने पाच मिनिटांहून अधिक. घराला, शाळेला, वाचनालयाला, पतसंस्थेच्या शाखेला आज गिगाबिट पुरून उरतो. म्हणून आमचे मत असे आहे की, जुनी कॅट ५ई तार शाबूत असेल तर ती उपटून टाकू नये. २०१६ साली ठरलेल्या मानकानुसार तिच्यावरून अडीच गिगाबिटही जाऊ शकतो. नवे काम काढले असेल तर कॅट ६ घालावी. कॅट ६ए फक्त तेथे, जेथे मोठ्या चित्रफिती किंवा क्ष-किरणांच्या प्रतिमा दिवसभर इकडून तिकडे जातात, किंवा जेथे पुढची वीस वर्षे भिंत फोडणे शक्य नाही.

प्रत ठरली तरी पारख संपत नाही. किंबहुना खरी पारख येथून पुढे आहे. आपल्याकडे हुपरीच्या चांदीची ख्याती आहे. गुजरीत पैंजण घ्यायला गेलेला माणूस ते चांदीचे आहेत की पितळेवर चांदीचा मुलामा आहे, हे विचारल्याशिवाय राहत नाही. तोच माणूस तारेची अख्खी पेटी घेताना हा प्रश्न विचारीत नाही. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त तारा ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांवर तांब्याचा पातळ थर असतो. व्यापारात त्यांना सीसीए म्हणतात. कॅट ५ई किंवा कॅट ६ म्हणवून घेणारी तार मानकाप्रमाणे भरीव तांब्याची असावी लागते. मुलाम्याच्या तारेवर ती प्रत छापलेली असली तरी तो शिक्का खोटाच समजला पाहिजे. ॲल्युमिनियम विजेला तांब्याहून अधिक अडवतो. अशा तारेचा अवरोध तांब्याच्या सुमारे दीडपट भरतो. दहा-वीस मीटरवर काही जाणवत नाही, म्हणून विकणारा चालवून दाखवतो आणि घेणारा खूश होतो. अंतर वाढले की वेग घसरतो. दोन-चार वेळा वाकवली की तार आतून मोडते, आणि प्लगमधला सांधा काही महिन्यांनी ढिला पडतो.

यात केवळ वेगाचा प्रश्न असता तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. पण हल्ली याच तारेतून यंत्राला वीजही पुरवतात. कॅमेरा किंवा भिंतीवरची बिनतारी पेटी यांना वेगळा प्लग न देता स्विचमधूनच वीज देण्याचे पहिले मानक २००३ साली ठरले. त्यात एका तारेवर सुमारे १५ वॉट मिळत. २००९ साली ते ३० वॉट झाले आणि २०१८ च्या मानकात ९० वॉटपर्यंत गेले. इतकी वीज वाहणाऱ्या पंचवीस-तीस तारा एका जुडीत छतावरून गेल्या आणि त्या मुलाम्याच्या असल्या, तर त्याच प्रवाहाला दीडपट उष्णता निर्माण होते, आणि ती जुडीच्या मधोमध साठते. आवरण मऊ पडणे, सांधे काळे पडणे आणि एखाद्या वाईट दिवशी आग लागणे, हे त्याचे परिणाम. शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या छतात अशी तार घालणे म्हणजे चार पैशांच्या बचतीसाठी माणसांचा जीव पणाला लावणे होय.

पारख करण्याची रीत सोपी आहे. एका तारेचे टोक सोलून धारदार पात्याने खरवडावे, किंवा कापून छेद पाहावा. आत सगळीकडे तांबूसच दिसले तर तांबे. खरवडल्यावर रुपेरी पांढरा रंग दिसला तर मुलामा. दुसरी खूण वजनाची. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असल्यामुळे ३०५ मीटरची खरी पेटी उचलताना हाताला जाणवते. मुलाम्याची पेटी पोर उचलते. तिसरी खूण जाडीची. तारेवर एडब्ल्यूजी या अक्षरांपुढे आकडा असतो. तो जितका मोठा तितकी तार बारीक, ही गोष्ट नवख्याला उलटी वाटते. कॅट ६ साठी सामान्यतः २३ आणि कॅट ५ई साठी २४ हा आकडा असतो. चपट्या, फॅन्सी तारांवर ३० किंवा ३२ आढळेल. अशी तार टेबलावर चालेल, भिंतीत मुळीच घालू नये. आणि खरेदीच्या पावतीवर भरीव तांब्याची तार असे शब्द लिहून घ्यावेत. ज्याचा माल खरा आहे तो लिहून द्यायला कचरत नाही.

तांब्याच्या तारेतही दोन जाती आहेत. एका जातीत प्रत्येक धागा एकसंध असतो. ती भिंतीत कायमची घालण्यासाठी. दुसऱ्या जातीत प्रत्येक धागा अनेक केसांसारख्या तारांचा बनलेला असतो. ती लवचीक असते आणि भिंतीतल्या खाचेपासून संगणकापर्यंतच्या छोट्या जोडतारेसाठी वापरतात. एकसंध तार रोज हलवली तर तुटते. लवचीक तार लांबवर नेली तर संदेश लवकर क्षीण होतो. म्हणून भिंतीतली तार भिंतीवरच्या खाचेत संपवावी आणि तेथून पुढे तयार जोडतार लावावी.

आता सांध्याविषयी. जाळ्यातले बहुतेक बिघाड तारेत नसतात, सांध्यात असतात. आठ तारा प्लगमध्ये बसवण्याचा रूढ क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी का घातली, असे नवशिक्याला वाटते. मधली दोन ठिकाणे टेलिफोनच्या जोडीची होती. ती तशीच ठेवल्याने तिसऱ्या व सहाव्या ठिकाणी दुसरी जोडी बसवावी लागली. काही कारागीर हा क्रम सोडून चारही जोड्या ओळीने लावतात. दिवे लावून तपासणाऱ्या छोट्या यंत्रावर आठही दिवे लागतात आणि काम पसंत होते. पण तिसऱ्या व सहाव्या ठिकाणी आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतील तारा आल्या. पिळाचा सारा उपयोग संपला. उन्हातले दोन वाटसरू आता एकमेकांचे सोबतीच राहिले नाहीत. अशी तार दोन मीटरवर चालते आणि चाळीस मीटरवर रडते, आणि दोष कोठे आहे ते कोणाला सापडत नाही. प्लग लावताना पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा, जास्त उलगडू नये, हेही त्याच कारणासाठी. दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवावा. पूर्वी दोन संगणक थेट जोडायला उलट्या क्रमाची तार लागे. हल्लीची यंत्रे ती अदलाबदल आपली आपण करून घेतात, म्हणून तसली तार वेगळी घेण्याचे कारण उरलेले नाही.

एक लक्षण घरच्या घरी ओळखता येते. शंभर मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला चारही लागतात. आठांपैकी एक तार तुटली तर पुष्कळदा जाळे बंद पडत नाही. ते गुपचूप शंभरावर उतरते. संगणकाच्या जोडणीच्या माहितीत १,००० ऐवजी १०० दिसले, की दोष सेवा पुरवणाऱ्याच्या माथी मारण्यापूर्वी आपली तार तपासावी.

जागेप्रमाणे तार बदलते हे आता पाहिले पाहिजे. घरात, वर्गात, कार्यालयात साधी, कवच नसलेली तार पुरते. फक्त ती विजेच्या तारांबरोबर एकाच नळीत ओढू नये. शेजारून न्यावी लागली तर मध्ये वीतभर तरी अंतर ठेवावे आणि ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी. तार खिळ्याने दाबू नये, गाठीसारखी मुरडू नये. वळण तिच्या जाडीच्या चौपटीहून तंग नसावे. ओढताना रस्सीखेच केली तर पीळ ताणला जातो, आणि एकदा बिघडलेला पीळ पुन्हा सुधारत नाही.

शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत परिस्थिती निराळी. तेथे वेल्डिंग चालते, भट्ट्या चालतात, मोठ्या मोटारींचे वेग इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने कमी-जास्त केले जातात. या सर्वांचा विद्युत गोंगाट इतका मोठा असतो की नुसता पीळ पुरा पडत नाही. तेथे धातूच्या पातळ पत्र्याचे किंवा जाळीचे कवच असलेली तार घ्यावी. मात्र ते कवच धातूच्या प्लगमधून व स्विचच्या कपाटातून जमिनीशी नीट जोडलेले असले पाहिजे. अर्थिंग न केलेले कवच आडोसा देण्याऐवजी स्वतःच ॲंटेनासारखे गोंगाट गोळा करते. ज्या कारखान्यात अर्थिंगची खात्री नाही तेथे आधी ते दुरुस्त करावे. मग कवचाची तार आणावी.

उघड्यावरची तार हा आपल्या भागात वेगळाच विषय आहे. घरातल्या तारेचे आवरण एप्रिल-मेच्या उन्हात तडकते आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्या भेगांतून पाणी आत झिरपते. तांब्यावर हिरवट कळंक चढतो आणि ऐन श्रावणात जाळे बंद पडते. बाहेरून न्यायची तार काळ्या पॉलिइथिलिनच्या आवरणाची असावी. जमिनीखालून न्यायची तर आत ओल अडवणारे मलम भरलेली. घरात शिरण्यापूर्वी तारेला भोकाच्या खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. आणि भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले, ते कोणी विसरलेले नाही. अशा भागात स्विचची पेटी तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नये. ती शक्यतो वरच्या मजल्यावर न्यावी.

दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची तार घालूच नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरतात त्याच दिवसांत वळीव गडगडत येतो. जवळपास वीज पडली तर तिचा झटका इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून आत शिरतो आणि दोन्हीकडची यंत्रे जाळतो; यंत्राला हात लावून बसलेल्या माणसालाही त्यात धोका असतो. शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग एकसारखे नसते. तारेने ते जोडले की नको तो प्रवाह तिच्यातून वाहू लागतो. येथे काचतंतूच हवा. १९५४ साली आपल्या पंजाबातील मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दूरसंदेशासाठी काचतंतू वापरता येईल असे मांडले. त्याच विद्येची ही तार. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. फक्त तिच्या आवरणात लोखंडी कवच किंवा आधाराची तार नसेल याची खात्री करावी, नाहीतर मागल्या दाराने तोच धोका परत येतो. दोन टोकांना प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करणाऱ्या दोन लहान पेट्या लागतात. त्यांचा खर्च जळालेल्या संगणकांच्या तुलनेने किरकोळ आहे.

हे सर्व एका उदाहरणात बसवून पाहू. एखाद्या पेठेतील वाचनालयाला दहा संगणक, चार कॅमेरे आणि एक बिनतारी पेटी जोडायची आहे असे समजा. कार्यवाहांनी प्रथम इमारतीचा नकाशा काढून स्विचची जागा ठरवावी. ती शक्यतो मध्यावर, कोरडी आणि कुलपात राहणारी असावी. तेथून प्रत्येक यंत्रापर्यंत दोरी लावून खरी वाट मोजावी. संगणकांना सरासरी २५ मीटर, कॅमेऱ्यांना ४० मीटर आणि बिनतारी पेटीला २० मीटर धरले तर एकूण ४३० मीटर होतात. वळणे व शिल्लक धरून दोन पेट्या पुरे. तार कॅट ६, भरीव तांब्याची. बाहेरच्या भिंतीवरून जाणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी तेवढी काळ्या आवरणाची. प्रत्येक ठिकाणी एकीऐवजी दोन तारा ओढता आल्या तर अधिक चांगले, कारण मजुरी तीच लागते आणि वीस वर्षांत गरज वाढतेच. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी आणि तो तक्ता दफ्तरात ठेवावा. काम संपल्यावर केवळ दिवे लागले एवढ्यावर पैसे देऊ नयेत. वेग व गुणवत्ता मोजणाऱ्या यंत्राने प्रत्येक तारेची तपासणी करून तिचा कागद मागून घ्यावा.

एवढ्या दक्षतेला तासा-दोन तासांचा वेळ आणि थोडी जादा रक्कम लागते. ज्या संस्था देणगीच्या आणि वर्गणीच्या पैशांवर चालतात त्यांना ती रक्कम जड वाटेल, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यांनीच हा विचार अधिक केला पाहिजे; कारण दुसऱ्यांदा भिंत फोडण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नसतो. मोठ्या आकड्याच्या तारेपेक्षा खऱ्या तांब्याची, नीट सांधलेली, योग्य वाटेने नेलेली मधल्या प्रतीची तार अधिक वर्षे साथ देते. येत्या पावसाळ्यापूर्वी ज्यांच्याकडे असे काम निघणार असेल त्यांनी अंदाजपत्रकावर सही करण्याआधी पेटीतील वीतभर तार मागून घ्यावी आणि ती पात्याने खरवडून पाहावी.